सातव्या होलवरचा विसावा

आत्याला आंघोळ घालून तिरडीवर बांधली होती आणि खांदा द्यायला गावात माणूस नव्हतं.

म्हणजे माणसं होती. म्हातारी होती, बायका होत्या, ओसरीच्या खांबाला टेकून खोकणारा बंडोबा होता. पण ज्यांच्या खांद्यांना वजन पेलतं ती झाडून सगळी पोरं पिवळी जाकिटं घालून सकाळीच गोल्फ क्लबात गेली होती. वर्षाची मोठी टूर्नामेंट होती. आमच्या गावचे खांदे त्या दिवशी मुंबईच्या पाहुण्यांच्या बॅगा वाहत होते.

“संध्याकाळी पोरं सुटतील. तवर थांबू,” मी म्हणालो.

“मे महिना हाय, गुलब्या,” दादा म्हणाला. “दुपार झाली की जवळ बसवणार न्हाय.”

दादा म्हणजे सर्जेराव, माझा थोरला भाऊ. हौसाआत्या आमच्या बापाची बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, आमची आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनंच वाढवलं. तिला मूल नव्हतं. अग्नी दादाच देणार होता. त्याच्याकडं क्लबचं गवत कापायचं कंत्राट होतं आणि मी क्लबच्या शेडमध्ये बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करत होतो. आमच्या घरातली चूल क्लबवर पेटत होती हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी आम्हाला क्रांतिकारक समजायला नको.

स्मशान नदीवर. गावातून नदीवर जायची वाट पूर्वापार एकच, माळावरून. मग माळ विकला गेला, तिथं हिरवळ उगवली, छोटे झेंडे लागले आणि वाट क्लबाच्या पोटात गेली. गावानं वहिवाटीची केस लावली. वहिवाट म्हणजे वापर, वापर मोडला की हक्क मोडला, असं वकिलानं सगळ्यांना बसवून सांगितलं. गावानं ऐकलं आणि घरी गेलं. आत्यानं ऐकलं आणि चालायला लागली.

रोज सकाळी कमरेला विळा खोचून ती त्या हिरवळीतून नदीवर जायची आणि परत यायची. काम काही नसायचं. चालणं हेच काम. वॉचमन शिट्ट्या मारायचे, साहेब लोक ओरडायचे. एकदा चेंडू कोपरावर बसला, हात आठवडाभर सुजला, तरी गेली. शेवटी क्लबच्या मॅनेजरनं, सबनीस साहेबांनी, तिचा फोटो लावून प्लास्टिकमधला पास करून आणला. “घ्या आत्याबाई, आता कोणी अडवणार नाही.”

आत्या म्हणाली, “पास घेतला की वाट तुमची झाली. माझ्या वाटंवर मला कशाला पास?”

आणि तो पास तिनं शेळीच्या गळ्यात बांधला. वर्षभर शेळी तो घेऊन हिंडत होती.

मला म्हणायची, “तू कर बाबा त्यांची चाकरी, पोट हाय. पन मला ह्याच वाटंनं न्या. खांद्यावरनं. आन् विसाव्याला टेकवा.”

विसाव्याची जागा वाटेच्या मध्यावर, एका पांगाऱ्याखाली होती. तिथं तिरडी घटकाभर खाली टेकवायची, पुढच्यांनी मागं आणि मागच्यांनी पुढं यायचं, एक दगड ठेवायचा आणि निघायचं. क्लबनं पांगारा पाडला. तिथं गवताचा सपाट चौथरा केला. सातव्या होलचा पहिला टोला त्या चौथऱ्यावरून मारतात.

आम्ही असे घुटमळत बसलो होतो तेव्हा सबनीस साहेब आले. बूट फाटकाशी काढून, मोज्यांवर अंगणात. मागं चार नंबरची गाडी.

“सर्जेराव, कळलं मला,” ते दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “आत्याबाईंचं आमचं भांडण होतं, पण आदर होता. पोरं सगळी कामावर आहेत, दोष आमचाच. म्हणून गाडी आणलीय. आतूनच न्या, नेहमीच्या वाटेनं. कोणी अडवणार नाही.”

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. “साहेब, उपकार झालं.”

मी गाडीकडं बघत होतो. चार नंबर क्लबातली सगळ्यात म्हातारी. मागं बाकाऐवजी लाकडी फळ्यांचा हौदा, वाळूची पोती वाहायला. तिला मीच जगवत होतो आणि तिचा आजार एकच होता, उष्णता. नव्या गाड्यांत वेग सांभाळायला इलेक्ट्रॉनिक डबा असतो, त्या कितीही हळू चालवल्या तरी तापत नाहीत. चार नंबरमध्ये तसलं काही नव्हतं. पायाखाली पेडल, पेडलला तांब्याचा एक दांडा, आणि हौद्याच्या खाली चिनी मातीच्या नळ्यांवर गुंडाळलेल्या जाड तारेच्या कॉइल, शेगडीत असतात तशा. पेडल अर्धं दाबलं की करंट त्या कॉइलमधून जातो, तिथं अडतो आणि अडलेला सगळा उष्णता होतो. पूर्ण दाबलं की कॉइल बाजूला पडतात, करंट सरळ मोटरला जातो. म्हणजे ही गाडी पळवली तर थंड राहायची, रांगवली तर पेटायची.

शेडमध्ये नवा ड्रायव्हर आला की पहिल्या दिवशी मी हेच घोकून घ्यायचो. दाबायचं तर पूर्ण दाब, नाहीतर पाय काढ. चढावर अर्ध्या पायावर गाडी धरून उभा राहू नकोस. कॉइलवर गवत साचू देऊ नकोस. मी कॉइलच्या बाजूच्या पत्र्याला भोकं पाडून हवा खेळती केली होती, फळ्यांखाली ॲस्बेस्टॉसचा तुकडा ठोकला होता. तेवढ्यावर ती चालत होती.

“दादा,” मी त्याला बाजूला घेतलं, “ही पायाच्या चालीनं न्यायची गाडी न्हाय. जळंल.”

“मग काय विस्तवाचं मडकं घिऊन मी पळू? म्होरं मडकं चालतं, मागनं मढं. आजवर कुनाचं मढं म्होरं पळालंय?”

“खांद्यावरनं नेऊ ना. बंडोबा हाय, मी हाय...”

“बंडोबा?” दादा म्हणाला. “त्यालाच उचलायला चार लागतील.”

बंडोबानं ऐकलं. “ए सर्ज्या, माझी घाई करू नगंस,” तो खोकत म्हणाला, आणि अंगणातल्या दोन-चार बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आत्या असती तर ती मोठ्यानं हसली असती.

तिरडी हौद्यात ठेवली, दोरीनं बांधली. दादा मडकं घेऊन पुढं. मग मी गाडी घेऊन. मागं बंडोबा आणि तीन म्हातारे, माझी बायको सुलभा आणि शेजारची कोंडाबाई. बायकांनी वेशीवरून परतायचं असतं. त्या दोघी परतल्या नाहीत आणि कुणी काही बोललं नाही, कारण माणसंच कमी होती.

क्लबचं मागचं फाटक उघडं होतं. वॉचमननं सॅल्यूट ठोकला. ज्या वॉचमननं आत्यावर रोज शिट्टी मारली, त्यानं.

आत शिरल्यावर मी माझ्या पद्धतीनं चालवायला सुरुवात केली. पूर्ण दाबायचं, गाडी एक उसळी घेते, लगेच पाय काढायचा आणि गाडी तिच्या तिच्या वेगानं पुढं सरकते. थांबायला आली की परत. कॉइल तापत नाही. पण प्रत्येक उसळीला तिरडी मागं-पुढं व्हायची, आत्याचं डोकं डावी-उजवीकडं हलायचं. नको नको म्हणत असल्यासारखं. फुलं हौद्यातून गळून गवतावर पडायला लागली.

“गुलबा,” बंडोबा मागून म्हणाला, “आरं, जित्तेपणी कुणाच्या धक्क्यानं हालली न्हाय ती. आता मेल्यावर कशाला हालवतोस?”

“गाडी जळंल हो.”

“नीट चालव!” पुढून दादा ओरडला, मान न वळवता. मडकं धरणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. “फुलं पडल्याली कळत्यात मला. नीट चालव!”

मी तरी हिसके देतच राहिलो. गाडी नदीपर्यंत पोचवायची, एवढंच डोक्यात होतं. गाडी बंद पडली तर आत्या हिरवळीवर उघड्यावर पडेल, लोक बघतील. मला त्याची लाज वाटत होती. नोकरीचंही होतंच. खोटं कशाला बोलू?

पाचव्या होलच्या पुढं वाट चढाला लागते. तिथं चार-पाच खेळणारे उभे होते, त्यांच्या मागं बॅगा घेतलेली आमची पोरं. मला बघून पोरांनी माना खाली घातल्या. सबनीस साहेब आमच्या आधी तिथं पोचले होते. त्यांच्या शेजारी टूर्नामेंटचा फोटोग्राफर, गळ्यात मोठा कॅमेरा. तो गुडघ्यावर बसून आमचे फोटो काढायला लागला. गाडीच्या बाजूला क्लबचं चिन्ह रंगवलेलं होतं. तो सरकत सरकत नेमका त्या बाजूला आला.

एका पाहुण्यानं टोपी काढली आणि विचारलं, “सबनीस, हे काय? इथून प्रेतं नेतात? गावाची वाट आहे का ही?”

“वाट वगैरे काही नाही, सर,” सबनीस हळू आवाजात म्हणाले, पण मी दोन हातांवर होतो. “गावात कोणी गेलं की क्लब गाडी देतो. आपल्या परवानगीनं येतात. आज फोटोही करून ठेवतोय, पुढच्या आठवड्यात तारीख आहे ना.”

मी गाडी थांबवली नाही. मागं वळून आत्याकडं बघितलं. तिचं डोकं एका बाजूला कलंडलं होतं आणि नाकातला कापूस दिसत होता.

पास, माझ्या मनात आलं. शेळीच्या गळ्यातला पास. आणि या वेळी तो आम्ही तिच्या छातीवर बांधला होता, आमच्याच दोरीनं.

“बरं, दादा,” मी मोठ्यानं म्हणालो. “हळू घेतो आता.”

मी पेडल अर्धं दाबलं आणि पाय तिथंच ठेवला.

गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. हिसका नाही, आवाज नाही. दादाच्या पावलामागं पाऊल. “हां,” दादा पुढून म्हणाला, “हे आदीच करायचं व्हतं.” चढ चालू झाला. मी पाय हलवला नाही. थोड्या वेळानं पहिला वास आला, तापलेल्या धुळीचा. मग वाळलेल्या गवताचा. सकाळच्या गडबडीत कॉइलवरचं गवत मी झाडलं नव्हतं. मग तो तिखट वास आला, जो शेडमध्ये आला की मी हातातलं टाकून पळत सुटायचो.

“गुलबा, कायतरी जळतंय,” बंडोबा म्हणाला.

“चला तुम्ही.”

“आरं, धूर निघतोय!”

“चला.”

माझ्या पाठीला झळ लागत होती. पत्र्याच्या भोकांतून आत लाल दिसत होतं. मी हिशेब करत होतो. कॉइल आधी जाईल की फळी आधी पेटेल? फळी पेटली तर आत्या इथंच जळेल, गोल्फच्या मैदानावर, रॉकेल ओतल्यागत. ते मला नको होतं. पण चढाचा माथा अजून आला नव्हता आणि माथ्यापलीकडंच सातवं होल होतं. मी पाय काढला नाही.

मग टाण्‌ असा आवाज झाला, तार तुटली, गाडी मेली. आणि फळीच्या कडेला पिवळी जीभ दिसली.

“उतरवा!” मी ओरडलो. सुलभानं माझ्या आधी दोरी तोडली, दातानं की हातानं मला माहीत नाही. तिनं, कोंडाबाईनं, मी आणि एका म्हाताऱ्यानं तिरडी खाली ओढली आणि गवतावर ठेवली. मी हौद्याच्या कोपऱ्यात उरलेलं वाळूचं पोतं फोडून कॉइलवर ओतलं, वायर पकडीनं तोडल्या. एक नळी निखळून गवतावर पडली आणि तिच्याखालचं गवत चर्र झालं. आग विझली. काळा धूर सरळ वर गेला. सगळ्या मैदानावरचा खेळ थांबला.

दादा तसाच उभा होता. पाठमोरा, मडकं धरून. “काय झालं? कुनीतरी सांगा रं!”

सबनीस साहेब पळत आले. “कोणाला लागलं नाही ना? दुसरी गाडी मागवतो. नवी. दोन मिनिटांत येईल. कोणी उचलू नका, प्लीज, कोणी हात लावू नका.” ते फोनवर बोलायला लागले.

“थांबू मग,” दादा म्हणाला. “साहेब म्हनत्यात तर थांबू.”

मी पोरांकडं वळलो. चढावर, उतारावर, सगळीकडं पिवळी जाकिटं उभी होती. यातल्या निम्म्यांची नाळ आत्यानं कापली होती. दवाखाना लांब होता आणि रात्री-अपरात्री बायका तिलाच उठवायच्या.

“खांदा द्या रं!” मी ओरडलो.

कुणी हललं नाही. खेळ चालू असताना बॅग खाली ठेवली तर कॅडीचं नाव कटतं, हा नियम सगळ्यांना पाठ होता.

“हौसाआत्या हाय,” मी म्हणालो. “दुसरं कुनी न्हाय. खांदा द्या.”

लांबून नव्या गाडीचा पांढरा ठिपका दिसायला लागला होता. मी त्याच्याकडं बघत होतो आणि मला रडू यायला लागलं होतं, रागानं. तेवढ्यात नथूनं बॅग टाकली. ठेवली नाही, टाकली. आतल्या काठ्या खणखणल्या.

“हे काय? माझा शॉट आहे!” त्याचा साहेब म्हणाला.

“मारा की,” नथू म्हणाला आणि जाकीट काढत चालत आला.

मग आणखी आले. सगळे नाही. जे आले नाहीत ते बॅगांचे पट्टे धरून गवताकडं बघत राहिले. त्यांची नावं मला माहीत आहेत, लिहीत नाही. त्यांच्याही चुली होत्या.

नवी गाडी येऊन थांबली तेव्हा आत्या खांद्यावर होती. सबनीस म्हणाले, “गुलाब, हे तू बरं करत नाहीयेस.” फोटोग्राफरनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यानं कॅमेरा खाली केला.

माथ्यावरून उतरून आम्ही सातव्या होलच्या चौथऱ्यावर आलो. तिथं एक बाई काठी उगारून टोल्याच्या तयारीत होती. ती घाबरून बाजूला झाली. आम्ही तिरडी त्या गालिच्यासारख्या गवतावर टेकवली. पुढचे मागं आले, मागचे पुढं.

“दगड,” बंडोबा म्हणाला.

दगड नव्हता. आम्ही सगळे वाकून शोधायला लागलो आणि त्या एवढ्या मैदानात खडासुद्धा सापडेना. सापडेल कसा? क्लब झाला तेव्हा आमच्याच बायकांनी रोजंदारीवर हा सगळा माळ वेचला होता, चाळणीनं चाळल्यासारखा. कोंडाबाई उभी राहून हात बघत होती. “मीच येचल्यात ह्या टापूतले,” ती म्हणाली. “मी आन् हौसानं.”

मी खांद्यावरचा पंचा सोडला. निखळलेली ती चिनी मातीची नळी मी त्यात गुंडाळून घेतली होती. का, ते विचारू नका, शेडमधली सवय, कामाची वस्तू टाकायची नाही. पंच्याला भोक पडलं होतं. नळी अजून पोळत होती. ती तशीच तळव्यात धरली आणि आत्याच्या पायाशी ठेवली.

दादा जवळ आला. पहिल्यांदाच त्यानं वळून बघितलं, आधी नळीकडं, मग माझ्याकडं.

“तूच शिकवायचास न्हवं ड्रायव्हरांना? अर्धा पाय दिला की जळती म्हनून?”

“हं.”

“मग?”

“अर्धाच दिला.”

मडक्यातल्या विस्तवावर राख धरली होती, ती त्यानं फुंकली.

“माझं कंत्राट गेलं,” तो म्हणाला.

“हं.”

“चला, उचला,” तो पोरांना म्हणाला आणि पुढं झाला.

दुसऱ्या दिवशी मला, दादाला आणि बॅगा टाकलेल्या सगळ्यांना फाटकावरून परत पाठवलं. गवत कापायच्या मशीनचं पातं सातव्या होलवर कशावर तरी लागून तुटलं, एवढं नथूच्या कानावर आलं. फोटो कोर्टात आले नाहीत. केस चालत राहिली, वकील बदलले, आत्यासारखं रोज चालणारं कुणी उरलं नाही. पुढं गावानं तडजोड केली. केस मागं घ्यायची आणि क्लबनं प्रत्येक मयताला गाडी द्यायची, फुकट. तडजोडीच्या बैठकीत दादा पुढं बसला होता. त्याला कंत्राट परत मिळालं. माझ्याशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. मी तालुक्याला असतो, रिक्षांच्या बॅटऱ्या बघतो. निरोप मिळाला, गेलो. फाटकाशी गाडी उभी होती, पांढरी, नवी. दादाचा मुलगा मडकं घेऊन पुढं चालत होता आणि गाडी त्याच्या मागं पायाच्या चालीनं, एकही हिसका नाही, एक फूल पडलं नाही. मी हौद्याला हात धरून बाजूनं चालत होतो. चढ आला, गेला. सातव्या होलपाशी आल्यावर मी ड्रायव्हरला म्हणालो, “थांबव. विसावा हाय.”

“मध्ये थांबवायचं नाही, काका,” तो म्हणाला. “सांगितलंय तसं.”

मी वाकून मागच्या पत्र्याला तळवा लावला आणि तसाच धरून चालत राहिलो, नदी येईपर्यंत. पत्रा गार होता.